येळवशीचा हिरवा पाहुणा

आमच्या घरी मला चहा मिळत नसे. घरात चहा व्हायचा, सकाळ-संध्याकाळ व्हायचा, गुळाचा व्हायचा, थंडीत सुंठ घातलेला व्हायचा. पण माझ्या वाट्याला दूध. चहानं माणूस काळं पडतं हे अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, ठाम मत होतं आणि मी तर मुळातच काळी. माझ्या पाठची नागर गोरी, म्हणून तिला बशीभर चालायचा. ती मुद्दाम माझ्यासमोर बसून फुर्रर्र करून चहा ओढायची. मला दुधाचा इतका वीट आला होता की पुढं नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी काय केलं असेल तर कळंबच्या स्टँडवर उभ्या उभ्या दोन कप चहा प्याले. काळी पडायची आता भीती नव्हती. अजून किती पडणार होते!

घर आमचं कळंबपासून थोडं आत, काळ्या रानातलं. माळवदाखाली धान्याची पोती, अंगणात कडब्याची गंज, दावणीला बैलजोडी आणि पहाटेपासून भाकरी थापल्याचा आवाज. अप्पा आणि अव्वा एकमेकांशी कानडीत भांडायचे, आमच्याशी मराठीत बोलायचे, आणि अप्पा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं त्यांना रागाच्या शिव्या उर्दूत सुचायच्या. अशा तीन भाषांच्या घरात रंगाला मात्र शब्द मोजता येऊ नयेत इतके. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. बघायला आलेल्या बायका माझ्याकडं पाहून 'नाकीडोळी नीटस हाय' म्हणाल्या की अव्वाचा चेहरा पडायचा, कारण ही रंग वगळून उरलेली स्तुती असायची. डाळीचं पीठ, साय, हळद, लिंबाची साल, काय काय माझ्या तोंडाला फासलं म्हणून सांगू! त्यातली साय मी जिभेनं चाटून खायची.

स्थळं यायची, पोहे खायची आणि 'कळवतो' म्हणून जायची. एका घरानं तर कळवलंसुद्धा, की मोठी राहू द्या, धाकटी देता का? त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. मोठीच्या आधी धाकटीचं करायचं तर मोठी कायमची घरात बसणार, ही तेव्हाची रीत. म्हणून भागीरथी आत्याबाईंनी, अप्पांच्या थोरल्या बहिणीनं, परंड्याकडचा एक बिजवर हेरून ठेवला होता. त्याची पहिली बायको गेलेली, पोरगा माझ्याच खांद्याला लागणारा. आत्याबाईंचं म्हणणं सरळ होतं. कळंबचं तलाठ्याचं स्थळ येणार आहे, ते जमलं तर देव पावला. न्हाय जमलं तर परंड्याला होकार कळवायचा. अप्पा 'बघू' म्हणाले होते आणि अप्पांचं 'बघू' म्हणजे होच असायचं.

अशात येळवशीच्या सणाआधी थोरला भाऊ बसूअण्णा औरंगाबादहून कॉलेजातला एक दोस्त घेऊन आला. एस.टी.तून अण्णा उतरला आणि त्याच्यामागून हा, दारात वाकून उतरावं लागेल एवढा उंच. नाव इद्रीस, देश सुदान. गावात बातमी अशी पसरली की दळायला बसलेली बाईसुद्धा जातं सोडून बघायला आली. म्हातारी माणसं 'हबशी, हबशी' म्हणाली. त्यांनी हैदराबादला निजामाचे हबशी पाहिलेले किंवा पाहिलेल्यांकडून ऐकलेले. शेजारच्या गंगाकाकूंनी सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला, पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि मनगटावर घासून बघितलं. पदर कोराच निघाला. 'पक्का हाय गं रंग,' त्या म्हणाल्या. आम्ही शरमेनं मेलो. तर इद्रीस हसला, त्यानं काकूंचा हात धरला आणि त्यांच्या हातावरचं हिरवं गोंदण अंगठ्यानं घासून पाहिलं. 'ये बी पक्का,' म्हणाला. औरंगाबादच्या पोरांत राहून तो तिथली हिंदी शिकला होता. 'नक्को' आणि 'हौ' तर आमच्याहून झ्याक म्हणायचा.

माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न वळवळत होता. दुसऱ्या दिवशी मी अण्णाला हळूच म्हणाले, 'विचार की, त्यांच्यात चहा लई पितात का?' अण्णानं विचारलं. इद्रीस खुशीत येऊन म्हणाला, 'बहोत! सुबह, दोपहर, शाम. चाय के बिना तो हमारा दिन नहीं निकलता.' चुलीपुढून अव्वा माझ्याकडं बघून म्हणाली, 'बगितलंस?' झालं! माझा चहा कायमचा तुटला. एका माणसाला पाहून आख्ख्या देशाचा निकाल लावायला आमच्या घरात एवढाच वेळ लागला.

अव्वानं पहिल्या दिवशी त्याच्यासाठी वेगळं ताट-तांब्या काढला होता. हे लपवण्यात काय अर्थ? आमच्या शाकाहारी लिंगायत घरात एक मुसलमान, तोही परमुलखातला, म्हणजे तिला धसकाच होता. पण भांडी घासायची पाळी नागरची, आणि नागरनं सगळी ताटं एकत्र घासून एकत्र पालथी घातली; कुठलं कुणाचं ते मग खुद्द देवालाही सांगता आलं नसतं. अव्वा दोन दिवस धुसफुसली आणि सोडून दिलं. त्यात इद्रीसनं तिला जिंकायची एक युक्ती शोधली होती. ती बोलायला लागली की तो कान टवकारायचा. 'साबण' म्हणाली की हा उडालाच, 'साबून! हमारा!' खुर्ची, दुकान, वकील, तारीख, सगळे त्याच्या अरबीतले निघाले. अव्वाला वाटायला लागलं की आपण इतकी वर्षं त्याचीच भाषा बोलतोय आणि कुणी सांगितलंच नाही.

एक गोष्ट मात्र त्याला जमत नव्हती. तो नागरला 'कावेरी' म्हणायचा आणि मला, कावेरीला, 'नागर'. आम्हाला वाटलं नावं अवघड जात असतील. मग त्यानं साडीवरून खूण धरली. मला गडद रंग नेसायला मनाई; अंगावर गडद नेसलं की आणखी गडद दिसतं म्हणे. म्हणून माझ्या साड्या फिक्या, आणि नागर निळ्या-जांभळ्या मिरवायची. फिकी साडी कावेरी, गडद साडी नागर, हे त्यानं पाठ केलं आणि त्याची गाडी रुळावर आली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागाबाहेर सांगितलं तर लोकांना पटत नाही, की त्या दिवशी आख्खं गाव कुलूप लावून रानात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात चुना-कावेनं रंगवलेले पाच पांडवांचे दगड मांडायचे, 'ओलगे ओलगे' ओरडत रानाभोवती आंबिल शिंपडायचं आणि मग जेवायचं. भाज्या-शेंगांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या भाकरी, आंबट भात, गव्हाची खीर. आणि ज्याला रान नाही त्याला, वाटेवरच्या परक्याला, हात धरून ओढून बसवायचं. त्या दिवशी कुणी 'नको' म्हणायचं नसतं. याचाच फायदा घ्यायचं आत्याबाईंनी ठरवलं. तलाठ्याच्या घरच्यांना मुलगी बघायला बोलवायचंच नाही. आंबिल प्यायला बोलवायचं. उन्हात, गडबडीत, पदर डोक्यावर घेऊन वाढणारी पोरगी रंगानं कोण न्याहाळत बसतंय? शिवाय नजर नागरवर जायला नको म्हणून तिला शेजारच्या गंगाकाकूंच्या रानात पाठवून द्यायचं. वर अव्वानं आपली अक्कल लढवली. माझी फिकी जुनी साडी नागरला नेसवली, म्हणजे चुकून दिसलीच तर उठून दिसणार नाही, आणि नागरची जांभळी नवी कोरी मला. समारंभाला नवं पाहिजेच ना!

सकाळ कोवळी होती, ज्वारीच्या कणसांवर दव होतं. इद्रीसला दर बांधावर कुणी ना कुणी ओढत होतं. आमच्या कोपीशी पोचेपर्यंत त्यानं तीन रानांतलं खाल्लं होतं. अव्वानं त्याला गाडग्यातलं आंबिल दिलं, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं. तो एक घोट प्याला आणि थांबलाच. आम्हाला वाटलं, आंबट लागलं असेल. तो पुन्हा प्याला, डोळे मिटून. म्हणाला, 'ये तो मेरी माँ का है.' त्यांच्याकडंही ज्वारीच, तीच आंबवून पेज, तीच आंबवून पातळ भाकरी. अप्पांनी उभ्या पिकातलं कणीस मोडून त्याच्या हातात दिलं, 'ये?' त्यानं दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली, तोंडात टाकले आणि मान डोलावली. ज्वारी मुळात तिकडूनच इकडं आली असं मी पुढं कुठंसं वाचलं. त्या दिवशी अप्पा मात्र ठामपणे म्हणाले की इथूनच तिकडं गेली असणार. आपली ज्वारी ती आपली.

ऊन चढल्यावर पाहुणे आले. तलाठी, त्याची आई आणि मामा. तलाठी खाली मान घालून बसलेला, बरा होता दिसायला. आई मात्र डोळ्यांत तेल घालून आली होती. मी विहिरीवर कळशी भरायला गेले होते. पंगत बसली, आणि अव्वानं इद्रीसला घाईत सांगितलं, 'कावेरीको बुलाव.' तो निघाला. वाटेत गंगाकाकूंच्या बांधावर फिक्या साडीतली मुलगी हुरडा खात बसलेली. त्याच्या पाठांतराप्रमाणं तीच कावेरी. 'चलो, अव्वा बुला रही.' नागरला वाटलं, पाहुणे आले नाहीत, बेत रद्द झाला. ती उड्या मारत आली आणि थेट पंगतीपुढं उभी राहिली.

मी कळशी कमरेवर घेऊन बांध चढले तेव्हा तलाठ्याची आई नागरचा हात हातात घेऊन म्हणत होती, 'अगं बया, लोक काय बी सांगत्यात. सावळी हाय म्हणं! ही तर केवढी उजळ हाय!' आणि इद्रीस मोठ्या कर्तव्यभावनेनं सांगत होता, 'ये कावेरी है.' आत्याबाईंच्या हातातला भज्जीचा पळा तसाच हवेत. मग कुणीतरी माझ्याकडं पाहिलं आणि सगळेच पाहू लागले.

'ही कोण?' तलाठ्याच्या आईनं विचारलं.

'थोरली,' अव्वा पुटपुटली. 'कावेरी.'

'मंग ही?'

'धाकटी.'

बाईनं नागरचा हात सोडला. 'म्हंजी दाखवायची एक आन् बोहल्यावर दुसरी? असलं ऐकलं व्हतं, बगितलं आज. येळवशीला बोलवून फसवता व्हय?'

अप्पांचं तोंड पांढरंफटक पडलं. गावात त्यांच्या शब्दावर बैलांचे सौदे व्हायचे. अण्णा इद्रीसवर खेकसला, 'अबे, ऐसा क्यूं बोला? ये कावेरी दिखती तेरे को?' इद्रीस गोंधळून नागरकडं बघे, माझ्याकडं बघे. शेवटी म्हणाला, 'सच बोलूं? मेरे को दोनो एक जैसी दिखतीं. साडी से पहचानता मैं.'

'आंधळा हाय का रं?' तलाठ्याची आई कडाडली. 'एक दूध हाय, एक डांबर!'

डांबर मी ऐकलं. असलं आधीही ऐकलं होतं, पण आडून. कुणी माझ्यापुढं उभं राहून म्हटलं नव्हतं. रडू फुटणारच होतं. पण तेवढ्यात इद्रीसनं अण्णाकडून 'डांबर' समजून घेतलं आणि अगदी मनापासून, अभ्यास करावा तसं, विचारलं, 'दूध कौनसी?'

आणि माझं रडू कुठल्या कुठं गेलं. मला एकदम कळलं की हा गंमत करत नाहीये, मन राखत नाहीये, ह्याला खरंच दिसत नाहीये. ज्या फरकापायी मी जन्मभर दूध पीत होते, ज्या फरकापायी परंड्याचा बिजवर माझ्या मानेवर बसला होता, तो फरक ह्या धडधाकट डोळ्यांच्या माणसाला दिसतच नव्हता! मग तो होता तरी कुठं? मला इतकी उत्सुकता वाटली की लाज-बीज विसरून मी कळशी कमरेवर तशीच ठेवून पुढं झाले आणि हात त्याच्यासमोर धरला. नागरनंही धरला. तो वाकून बघू लागला. आता येळवशीची गर्दी ती; आजूबाजूच्या रानांतली माणसं जमलेलीच होती. गंगाकाकूंनी आपला हात मध्ये घातला, मामांनी घातला, पोरांनी घातले आणि 'म्या तुझ्याहून उजळ', 'हट्, तू तर बुडकुल्याचं बूड' अशी जुंपली. तलाठ्याचा हात त्याच्या मामानंच ओढून मध्ये धरला, तो माझ्या हाताहूनही काळा निघाला. त्याच्या आईनं तो झटकन मागं घेतला. 'पोराचं येगळं असतंय,' म्हणाली.

'आन् तुझं काय रं?' गंगाकाकूंनी इद्रीसला विचारलं. 'तुमच्यात तर समदे सारखेच काळे.'

'काला?' इद्रीस चांगलाच दुखावला. 'मैं काला नहीं. मैं हरा.'

पंगत खो खो हसली. पण तो खरंच सांगत होता. त्यांच्याकडं रंगांची शिडीच होती. पिवळे, गहुवर्णी, मग त्याच्यासारखे हिरवे, आणि सगळ्यांत गडद ते निळे. 'काले तो वो लोग, नीचे हमारे सुदान के दक्खन के,' असं म्हणताना त्यानं ओठ किंचित मुरडला. तो मुरडलेला ओठ मी ओळखला. तलाठ्याच्या आईचा होता तो, आत्याबाईंचा होता. आम्हाला हा सगळा एकच काळा दिसत होता आणि ह्याच्या डोळ्यांत हिरवं-निळं भांडत होतं! आज माझ्या भाचीच्या लेकीचा फोन फोटो काढताना न विचारता तोंड उजळ करतो, तेव्हा मी तिला म्हणते, ह्याला सांग, मला हिरवी कर.

'निळं कोण तुमच्या घरात?' मी विचारलं. परक्या पुरुषाशी, पाहुण्यांच्या देखत मी बोललेलं ते पहिलं वाक्य. अण्णानं त्याला हिंदीत सांगितलं.

'मेरी बहन. झैनब.'

'तिचं लगीन झालं?'

त्यानं मान हलवली. नाही. मग हातातलं कणीस कुस्करत म्हणाला, 'मेहमान आते तो माँ उसको अंदर बिठाती.'

तलाठ्याच्या आईला ह्या गप्पांत रस नव्हता. तिचा राग आता निवळून व्यवहारावर आला होता. ती अप्पांना म्हणाली, 'झालं गेलं सोडा. राग मानू नका, पर आमाला धाकटी पसंत हाय. काय देऊ-घेऊ नका. थोरलीचं बी कुठंतरी जमलंच की.'

आत्याबाई लगेच अप्पांच्या कानाशी लागल्या. 'परंड्याचं हायच. व्हय म्हणून टाक, भाऊ.' नागर माझा हात घट्ट धरून रडायला लागली. तलाठ्याचं स्थळ, ते हातचं सोडायला कोण तयार होतं? अप्पांचे ओठ हलताना मला दिसले. पण ते तलाठ्याच्या आईकडं बघत नव्हते. ते इद्रीसकडं बघत होते. उर्दू शाळेतली त्यांची ती जुनी, अदबीची भाषा इतक्या वर्षांनी बाहेर आली.

'बेटा, आप की बहन अंदर बैठती हैं. और उस वक्त आप क्या करते हैं?'

इद्रीसनं कुस्करलेलं कणीस खाली ठेवलं. मग म्हणाला, 'मैं मेहमानों के साथ खाना खाता हूं.'

अप्पांच्या हातात भाकरीचा तुकडा होता, भज्जीत बुडवलेला. तो त्यांनी ताटात परत ठेवला. त्यांच्या मनात काय आलं ते मला ठाऊक नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. मोठ्यानं नाही, नेहमीच्याच आवाजात ते म्हणाले, 'कावेरी, बस.'

'कुठं?' मी विचारलं.

'हितं. पंगतीला. नागर, तूबी बस.' आणि अव्वाला म्हणाले, 'वाढ दोघींना.'

'आरं, पर पाव्हण्यांना काय जवाब द्यायचा?' आत्याबाईंनी कपाळावर हात मारला.

'बगायला आल्यात ना? बगू द्या की. जेवताना बगू द्या दोघींना. येळवशीचा पाव्हणा उपाशी जाऊ न्हाय, पोटभर जेवा म्हणावं. लेक मात्र मागू नका, कुठलीच.'

'आन् परंड्याला?'

'परंड्यालाबी न्हाय म्हणून सांगा.'

अव्वानं दोन ताटं मांडली, पण पंगत गच्च भरलेली, नागरला अण्णानं जागा केली आणि मला काही जागा उरली नाही. फक्त तलाठ्याची आई ऐसपैस मांडी घालून बसली होती. मी कळशी खाली ठेवली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनं वर पाहिलं. मी हलले नाही. तिनं पदर सावरला, ताट ओढून घेतलं आणि सरकली.

मी बसले.